निनावी छायाचित्रांचा ठावठिकाणा

(जामसांवली येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता फुरसतीचा वाटेल. घरोघरी ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर, शाळेच्या कपाटात किंवा कार्यालयाच्या दप्तरात जुनी छायाचित्रे पडून असतात. त्यांवर नाव नसते, गाव नसते, तारीख नसते. अशी छायाचित्रे कोठे घेतली गेली हे कसे ओळखावे, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे. परंतु जामसांवलीत तो फुरसतीचा राहिलेला नाही. २०२३ साली येथे 'श्री हनुमान लोक' या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी पांढुर्णा व सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी, २०१५ च्या अखेरीस, सौंसरवरून जाणारी छोटी रेल्वे थांबली आणि तिच्या जागी रुंद रुळांचा मार्ग आला. म्हणजे दहा वर्षांच्या आत येथील देवस्थानाचा परिसर, जिल्ह्याचे नाव आणि आगगाडी या तिन्ही गोष्टी पालटल्या, किंवा पालटू लागल्या. पूर्वीची वाट कोठून होती, पिंपळाभोवतीचा पार केवढा होता, जाम व सर्पा या नद्यांच्या संगमाकडे उतरण्याची जागा कोणती, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. छायाचित्रे हाती आहेत आणि ती ओळखणारे डोळेही अजून आहेत. ही जोडी फार काळ टिकणार नाही. म्हणून हा विषय आज काढला.

प्रारंभ आपल्या देवस्थानापासूनच करू. निद्रिस्त मारुतीचे एक छायाचित्र कोणी आपल्या हाती दिले, तर जामसांवलीचा मनुष्य क्षणभरही न थांबता म्हणेल, "हे तर आमचेच." त्याची श्रद्धा मी जाणतो. तथापि पहुडलेल्या मारुतीची ख्यातीची ठिकाणे आणखीही आहेत. मराठवाड्यात खुलताबादचा भद्रा मारुती आहे. प्रयागराजला संगमाजवळ किल्ल्यालगत बडे हनुमान आहेत, ज्यांच्यापर्यंत गंगेच्या पुराचे पाणी येते. यात्रेकरू तिन्ही ठिकाणी जातात, तिन्ही ठिकाणची चित्रे विकत घेतात, आणि घरी आल्यावर ती एकाच पिशवीत ठेवतात. दोन पिढ्यांनंतर नातवाच्या हाती येते ती केवळ एक शेंदरी मूर्ती. मूर्ती जवळून टिपलेली असेल तर तिच्यावरून गाव ठरविणे कठीण, कारण शेंदूर, हार आणि वस्त्रे यांनी दगडाची मूळ घडण झाकून जाते. ओळखीची खूण मूर्तीत नसून मूर्तीच्या कडेला असते. चित्राच्या कोपऱ्यात पिंपळाचे खोड आले आहे काय? मूर्ती भोवतालच्या जमिनीच्या पातळीवर आहे की खाली उतरून पाहावी लागते? मागे तटबंदीचा दगड दिसतो काय? असे प्रश्न विचारले की तीन ठिकाणे एकमेकांपासून वेगळी होऊ लागतात.

यातून पहिला धडा मिळतो तो असा की, छायाचित्र पाहताना आपली दृष्टी ज्यावर प्रथम जाते ते बहुधा स्थळ ओळखण्यास निरुपयोगी असते. आपण माणसांचे चेहरे पाहतो, मूर्ती पाहतो, मिरवणुकीतला हत्ती पाहतो. छायाचित्रकारालाही तेच दाखवायचे होते. परंतु त्याने न मागता जे चित्रात आले, म्हणजे क्षितिजावरची डोंगराची रेघ, नदीचे वळण, दुकानाच्या फळीवरचे अर्धे अक्षर, जमिनीवर पडलेली सावली, ते खरे साक्षीदार होत. त्यांना कोणी पढविलेले नसते.

डोंगराची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण या मुलुखात ती सर्वांत कामाची आहे. जुन्या ग्रंथांत छिंदवाड्याच्या मुलुखाचे दोन भाग सांगितलेले आढळतात. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो झेरघाट. सौंसर, लोधीखेडा, जामसांवली हा सारा झेरघाट. येथे उभे राहून उत्तरेकडे पाहिले तर सातपुड्याची कड भिंतीसारखी आडवी दिसते. दक्षिणेकडे पाहिले तर जमीन नागपूरच्या मैदानाकडे उतरत जाते. तेव्हा चित्रात जवळ सपाट काळी शेती आणि पलीकडे लांबच लांब डोंगराची कड दिसत असेल, तर छायाचित्रकाराचे तोंड उत्तरेला होते असे समजून पुढे जाण्यास हरकत नाही. ही कड सगळीकडे सारखी नाही. तिच्यात खिंडी आहेत, सोंडा आहेत, एखादे टेकाड पुढे आलेले आहे. घरे पडतात, झाडे तुटतात, नदीसुद्धा पात्र बदलते. डोंगराची रेघ मात्र आपल्या पणजोबांनी पाहिली तीच आपण पाहतो. छायाचित्रातील ही रेघ पातळ कागदावर पेन्सिलीने उतरवून घ्यावी आणि तो कागद घेऊन शिवारात फिरावे. शाळेतील मुलांना याहून चांगला भूगोलाचा पाठ मला सुचत नाही.

रेघ जुळली म्हणजे दिशा मिळाली. प्रत्यक्ष उभे राहण्याची जागा अजून मिळाली नाही. ती मिळविण्याची युक्ती शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. बांधाची तक्रार असली की आपण काय करतो? दोन जुनी झाडे एका ओळीत धरतो आणि त्या ओळीवर खुंटी ठोकतो. छायाचित्रातही तेच करावयाचे. समजा चित्रात देवळाचा कळस बरोबर डोंगराच्या खिंडीखाली आला आहे. आता कळस आणि खिंड एकाखाली एक दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकत राहावे. दिसली की आपण एका रेषेवर आलो. मग चित्रात दुसरी अशीच जोडी शोधावी, उदाहरणार्थ विहिरीचा कठडा आणि त्यामागची टेकडी. ती जोडीही जुळेल अशी जागा त्या पहिल्या रेषेवर एकच असते. छायाचित्रकाराने आपली तिपाई तेथेच मांडली होती. भूमापन करणारे लोक नकाशावर आपली जागा जवळजवळ याच रीतीने निश्चित करतात. यात एक सावधगिरी हवी. वस्तू चित्रात किती मोठी दिसते यावर विसंबू नये. भिंगाप्रमाणे दूरचा डोंगर जवळ आल्यासारखा किंवा जवळचे घर लांब गेल्यासारखे दिसते. कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या मागे आहे, हे मात्र कोणत्याही भिंगाने बदलत नाही.

नकाशाची जोड मिळाली तर काम निम्मे होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत सौंसर व पांढुर्णा ही दोन्ही गावे ५५ के या पत्रकात येतात. जुने नकाशे एका मैलास एक इंच या प्रमाणाचे असत, नंतर पन्नास हजारास एक हे प्रमाण आले. त्यावर टेकड्यांच्या उंचीच्या वळणरेषा, नाले, विहिरी, देवळे दाखविलेली असतात. गावापुरते पाहावयाचे तर पटवाऱ्याकडील नकाशा आणि जुन्या बंदोबस्ताची मिसल यांहून बारीक माहिती कोठे मिळणार नाही. निस्तार पत्रकात तर गुरांची वाट, घाट, स्मशान, खळ्याची जागा अशा सार्वजनिक जागांची नोंद असते. छायाचित्रातील रिकामी दिसणारी जागा पुष्कळदा अशीच कशाची तरी सार्वजनिक जागा असते. महसूल खात्यातील जे बंधू येथे आहेत त्यांनी हे दप्तर केवळ वादाच्या वेळी न उघडता शिक्षकांनाही दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

आता सावलीविषयी. जामसांवली सुमारे २१ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ वगळला, तर वर्षभर येथे भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. चित्रात माणसांच्या पायाशी आखूड सावली असेल आणि ती आपल्या उजव्या हाताला पडलेली असेल, तर छायाचित्रकार पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. सावली लांब असेल तर सकाळ की संध्याकाळ हा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ सावलीवरून सुटत नाही. गुरे कोणीकडे चालली आहेत, चुलींचा धूर दिसतो काय, बाजारातील टोपल्या भरलेल्या आहेत की रित्या, अशा गोष्टी तेथे उपयोगी पडतात. ऋतूही पाहावा. सागाची झाडे निष्पर्ण असतील आणि पळस फुललेला असेल तर तो फाल्गुनाच्या आगेमागेचा काळ. ज्वारीची कापणी झालेली शेते, कडब्याच्या गंज्या, कपाशीची बोंडे यांवरून शेतकरी माणूस महिना सांगू शकतो. शहरातील तज्ज्ञाला हे साधत नाही.

एक अडचण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काचेची किंवा फिल्मची उलट प्रत चुकीच्या बाजूने छापली गेली की डावे-उजवे बदलते. मग डोंगराची रेघ कितीही फिरलो तरी जुळत नाही आणि आपण म्हणतो, हे गाव आपले नव्हेच. म्हणून रेघ जुळविण्यापूर्वी चित्र सुलट आहे काय ते पाहावे. पाटीवरील अक्षरे उलटी असतील तर प्रश्नच मिटला. अक्षरे नसतील तर उघड्या अंगाच्या ब्राह्मणाचे जानवे पाहावे. नेहमीच्या कामात ते डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत येते. चित्रात ते उजव्या खांद्यावर असेल तर एक तर तेथे श्राद्धकर्म चालले आहे, नाही तर चित्र उलटे छापलेले आहे. जेवणाच्या पंगतीत सारेच डावखुरे दिसले तरीही तोच निष्कर्ष काढावा!

अक्षरांचा विषय निघाला म्हणून या भागातील एक खास गोष्ट सांगतो. मी सीमेच्या पलीकडून, नागपूरकडून आलो आहे. ही सीमा १ नोव्हेंबर १९५६ ची. त्यापूर्वी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि सौंसर-नागपूर हा एकाच राज्यातला प्रवास होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. या इतिहासाचा छायाचित्रांशी थेट संबंध आहे. एखाद्या चित्रामागे 'मध्यप्रदेश, नागपूर' असे लिहिलेले आढळले तर बाहेरचा मनुष्य म्हणतो, लिहिणारा गोंधळलेला दिसतो. वस्तुतः तो गोंधळलेला नाही. 'मध्यप्रदेश' हे नाव १९५० साली आले आणि नागपूर १९५६ पर्यंत त्यात होते. त्या दोन शब्दांनी चित्राचा काळ सहा-सात वर्षांत आणून ठेवला. तसेच 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर चित्र त्याहून जुने. उलट 'पांढुर्णा जिल्हा' असे शाईने लिहिलेले असेल तर चित्र कितीही जुने असले तरी ते अक्षर २०२३ नंतरचे आहे. चित्राचे वय आणि त्यामागील अक्षराचे वय या दोन गोष्टी निरनिराळ्या मानाव्यात.

याच कारणाने दुसरीही एक फसगत होते. चित्रातील शाळेच्या पाटीवर 'शाळा' असे ळ अक्षर दिसले की सरसकट 'महाराष्ट्रातील गाव' अशी नोंद केली जाते. सौंसर-पांढुर्णा भागात मराठी ही घरची भाषा आहे, हे नोंद करणाऱ्याच्या गावीही नसते. अशा किती चित्रांचे गाव केवळ एका अक्षराने नदीपार नेऊन ठेवले असेल ते सांगता येत नाही. मराठी पाटी हा राज्याचा पुरावा होऊ शकत नाही, निदान या मुलुखात तरी नाही.

आता एका छायाचित्राची हकीकत सांगतो. या भागातील एका कुटुंबाकडे आजोबांचे रेल्वे स्थानकावर उभे असलेले चित्र होते. आजोबा रेल्वेत होते, आणि कुटुंबात सांगत आले ते असे की, हे पांढुर्ण्याचे स्थानक. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आहे. तो मार्ग पूर्वी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा होता आणि १९५१ पासून मध्य रेल्वेचा आहे. त्यामुळे वारसांनी आजोबांच्या नोकरीची नोंद मध्य रेल्वेच्या बाजूने शोधण्याचा यत्न चालविला होता आणि काही हाती लागत नव्हते.

चित्रात आजोबा फलाटावर आहेत आणि त्यांचा एक सोबती रुळांत उभा आहे. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट, म्हणजे जवळजवळ पुरुषभर. छोट्या मार्गाचे अडीच फूट, म्हणजे उभ्या माणसाच्या मांडीपर्यंतच्या उंचीइतके. रुळांत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांशी रुळांतील अंतर मोजले आणि त्याच्या उंचीशी ताडून पाहिले. ते निम्म्याहून कमी भरले. मोठ्या मार्गाचा प्रश्नच मिटला. हा सातपुड्यातील छोटा मार्ग, पूर्वीच्या बंगाल नागपूर रेल्वेचा. १९५२ साली ही रेल्वे पूर्व रेल्वेत गेली, १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वे झाली, आणि २००३ नंतर हा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आला.

मार्ग कळला, परंतु स्थानक कोणते? नागपूरच्या इतवारीपासून छिंदवाड्यापर्यंत स्थानके पुष्कळ. पाटी चित्रात होती, पण आजोबा नेमके तिच्यापुढे उभे. त्यांच्या खांद्याच्या उजवीकडे फक्त 'खेडा' एवढीच अक्षरे दिसत होती. या मार्गावर सावनेरच्या अलीकडे नागपूरच्या बाजूला खापरखेडा आहे आणि पलीकडे सौंसरच्या बाजूला लोधीखेडा आहे. एक आता महाराष्ट्रात, दुसरे मध्यप्रदेशात. ड अक्षराखालील टिंबावरून काही ठरेना, कारण रेल्वेच्या पाट्या हिंदी वळणाच्या आणि हिंदीत दोन्ही नावांना ते टिंब लागते. मग पाटीचा मध्य काढला. अक्षरे पाटीवर मधोमध लिहिण्याची रीत असते. उजवीकडे जेवढी जागा मोकळी आहे तेवढीच डावीकडे असणार, हे धरून झाकलेल्या अक्षरांना किती जागा उरते ते मोजले. ती तीन अक्षरांपेक्षा दोन अक्षरांना अधिक शोभण्यासारखी होती. हाही काही पक्का पुरावा नव्हे, रंगारी थोडे पसरून लिहू शकतो. अखेर भिंगाखाली आजोबांच्या टोपीच्या कडेला, अक्षरांच्या शिरोरेघेच्या वर, एक लहानशी कमान दिसली. 'खापर' या शब्दात शिरोरेघेच्या वर काहीच येत नाही. 'लोधी' या शब्दात धीची वेलांटी येते. स्थानक लोधीखेडा ठरले.

हे चित्र घेऊन मग लोधीखेड्याच्या जुन्या मंडळींकडे गेल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी फलाटामागील झाडही ओळखले. परंतु तोवर अक्षराने निकाल दिलेला होता आणि त्यांच्या स्मरणाने त्यावर शिक्का मारला. वारसांना आता निदान कोणत्या रेल्वेच्या दप्तरात शोधावे एवढे तरी कळले. आजोबांची वृद्ध कन्या मात्र पहिल्यांदा रागावली. सत्तर वर्षे पांढुर्णा म्हणून ज्या चित्राला हात जोडले ते लोधीखेड्याचे निघाले, हे तिला रुचले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणूनच बाबा रात्री घरी यायचे." पांढुर्ण्याहून ते रोज रात्री घरी कसे येत, हा तिच्या मनातला लहानपणापासूनचा प्रश्न होता.

वृद्धांच्या स्मरणाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. स्मरण हा मोठा ठेवा आहे, परंतु तो विचारण्याची रीत असते. चावडीवर चित्र ठेवून दहा जणांना एकदम विचारले की पहिला जो बोलतो त्याच्यामागे बाकीचे माना डोलावतात, विशेषतः पहिला बोलणारा सरपंच किंवा गुरुजी असला तर. एकेकाला निरनिराळे विचारावे. "बाबाजी, ही आपली जामसांवलीच ना?" असे विचारू नये. "हे कुठलं असेल?" एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. त्यांनी गाव सांगितले की "कशावरून ओळखलं?" हा दुसरा प्रश्न. उत्तरात विहीर, झाड, पायरी, कोणाची तरी ओसरी आली तर ते स्मरण भक्कम समजावे. नुसते "माहीतच आहे" आले तर तेही लिहावे, पण तसेच लिहावे. स्त्रियांना अवश्य विचारावे. पाणवठा, वाळवणाच्या जागा, देवळाची मागची बाजू या गोष्टी पुरुषांहून त्यांना अधिक आठवतात, आणि त्यांना विचारायला सहसा कोणी जात नाही.

मोठ्या माणसांच्या नावाचा मोह हाही एक धोका आहे. महात्माजी ६ जानेवारी १९२१ रोजी छिंदवाड्यास आले होते. पुढे वर्धा आणि सेवाग्राम येथे त्यांचे वास्तव्य झाले. त्यामुळे या टापूतील पांढऱ्या टोप्यांच्या कोणत्याही गर्दीचे चित्र 'गांधीजींची सभा' म्हणून मिरवू लागते. चित्रात गांधीजी कोठेही नसतात. कोणी विचारले तर सांगतात, ते पलीकडे व्यासपीठावर आहेत! गोटमारीच्या चित्रांचीही तीच गत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळसाच्या झाडावर झेंडा लावून जो प्रकार होतो तो आता सर्वत्र प्रसिद्ध झाला आहे. म्हणून नदीकाठची कोणतीही जुनी गर्दी गोटमारीची ठरते, मग ती संक्रांतीच्या स्नानाची का असेना. पात्रातला झेंडा आणि झाड दिसले तरच ते नाव द्यावे.

छायाचित्रकारांनी स्वतःच केलेली करामतही ध्यानात ठेवावी लागते. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली. तेथील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींचा दोन भागांचा मोठा चित्रसंग्रह १८६३ व १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केला. त्यातील माणसांची चित्रे एका ठिकाणी घेतलेली आणि त्यांमागचे देखावे दुसऱ्याच ठिकाणचे जोडलेले आहेत. म्हणजे छापील ग्रंथातील चित्रात माणूस ज्या देवळापुढे उभा दिसतो त्या देवळापुढे तो कदाचित कधीच उभा नव्हता. आपल्या जत्रांतील छायाचित्रवाल्यांनी तर हा प्रकार राजरोस केला. रंगविलेला पडदा मागे सोडायचा आणि जोडप्याला पुढे उभे करायचे. घरोघरी असलेल्या त्या ताजमहालाच्या चित्रांपैकी किती जण आग्र्यास गेले होते? पडद्याच्या तळाशी जमिनीची कड दिसते, तेथे खरी माती असते. ती पाहावी.

याच्या उलट लाला दीनदयाळ यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १८७० च्या दशकात इंदूरला छायाचित्रणास लागलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झालेले हे गृहस्थ आपल्या काचपट्ट्यांवरच क्रमांक आणि स्थळाचे नाव घालीत. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली मिळविल्या. क्रमांक असल्यामुळे एखादे सुटे चित्र सापडले तरी त्याच्या अलीकडचे-पलीकडचे क्रमांक पाहून ते कोणत्या दौऱ्यातले हे अजमावता येते. एका माणसाच्या या शिस्तीने शंभर वर्षांनंतरच्या लोकांचे श्रम वाचविले. सरकारी कार्यालयांतील समारंभांची चित्रे पाहिली म्हणजे ही शिस्त आठवून मन खिन्न होते. उद्घाटन कोणाचे, कोठे, केव्हा, काही पत्ता नसतो. फक्त फीत आणि कात्री!

चित्र ज्यात गुंडाळलेले होते तो कागदही टाकू नये, परंतु त्यावर भलता विश्वासही ठेवू नये. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे प्राचीन वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी आयोगाच्या संग्रहात २०१२ साली बुटांच्या एका खोक्यात हिंदुस्थानातील १७८ काचपट्ट्या आढळल्या. छायाचित्रकाराचे नाव नाही. पट्ट्या 'स्टेट्समन' पत्राच्या १९१४ च्या अंकांत गुंडाळलेल्या. परंतु त्यांतील काही चित्रांत कलकत्त्याच्या इमारतींवर जी रोषणाई दिसते ती पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी यांच्या १९१२ च्या भेटीची आहे. म्हणजे वर्तमानपत्राने सांगितले ते एवढेच की या पट्ट्या १९१४ साली किंवा त्यानंतर कोणी तरी बांधून ठेवल्या. आपल्याकडे तसबिरीच्या पाठीमागे घातलेला वर्तमानपत्राचा कागद असाच असतो. तो तसबीर बांधल्याचा काळ सांगतो, चित्र घेतल्याचा नव्हे.

काळ ठरविण्याच्या इतर बारीकसारीक खुणा शिक्षकांना सहज सापडतील. मैलांचा दगड की किलोमीटरचा, विजेचे खांब आहेत की नाहीत, पत्त्यात पिनकोड आहे काय, कारण तो १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. मोटारीच्या पाटीवर 'एमपी २८' असेल तर ती छिंदवाड्याच्या नोंदणीची आणि अलीकडची. चौकोनी लहान कृष्णधवल चित्र हे बहुधा घरगुती कॅमेऱ्याचे. बडोद्यास बनणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' पुष्कळांना आठवत असेल.

शेवटी प्रत्यक्ष कामाचे. जुन्या चित्रावर बॉलपेनने लिहू नये, खळ लावून चिकटवू नये, प्लास्टिकमध्ये तापवून बंद तर मुळीच करू नये. पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने फक्त क्रमांक घालावा आणि बाकी सारे वहीत लिहावे. मोबाइलने चित्राची पुढची बाजू घ्यावी तशी मागचीही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का तेथे असतो. वहीत प्रत्येक चित्रापुढे तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. चित्रात प्रत्यक्ष काय दिसते, कोणी काय सांगितले व त्यांचे वय किती, आणि आपण काय ठरविले. ठरविलेल्यापुढे 'निश्चित', 'बहुधा' किंवा 'अज्ञात' यांपैकी एक शब्द असावा. 'बहुधा' लिहिण्यात कमीपणा मानू नये. चित्र मालकाच्या घरीच राहावे. प्रत शाळेत ठेवावी, आणि मालकाची संमती असल्याशिवाय ती पुढे कोणासही देऊ नये. जमिनीचा वा वाटेचा वाद चालू असलेल्या जागेचे चित्र असेल तर विशेष जपावे. तेथे 'बहुधा'चे कोणी 'निश्चित' केले तर एखाद्याची वाट बंद होऊ शकते.

बाहेर मंडपाच्या उजव्या हाताला टेबलावर नऊ चित्रांच्या मोठ्या प्रती मांडल्या आहेत. मूळ चित्रे त्यांच्या घरी सुखरूप आहेत. चौथ्या चित्रात नदीच्या उतारावर घागरी घेतलेल्या बायका आहेत आणि मागे डोंगराच्या कडेत एक रुंद खिंड आहे. जानव्याची आणि अक्षरांची खूण त्यात नाही, त्यामुळे ते सुलट आहे की उलट हेही ठरलेले नाही. दोन्ही बाजूंनी छापलेल्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. प्रत्येकापुढे कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल आहे. चिठ्ठीवर गावाचे नाव आणि 'कशावरून' एवढेच लिहून खोक्यात टाकावी, शेजाऱ्याची चिठ्ठी वाचू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सातवीची मुले उभी आहेत. ती जसे सांगाल तसे लिहून घेतील.